लाटा दुसऱ्या टप्प्यात

तलावात लाटा नाहीत, हा मुद्दा जलक्रीडा समितीच्या बैठकीत सगळ्यात शेवटी निघाला. तो काढला धोंडप्पांनी, आणि तोही सहज, पानाला चुना लावता लावता. तोवर सर्फबोर्ड येऊन पडला होता, कमानीचा फ्लेक्स छापून झाला होता आणि उद्घाटनाला कुठल्या साहेबांना बोलवायचं यावरून दोन सदस्यांनी एकमेकांशी बोलणं सोडलं होतं.

"पर कृष्णराज, ह्या फळीवर हुबं राहायला लाट लागती म्हणत्यात. आपल्या तळ्यात म्हस उतरली तरच काय ती लाट उठती."

समितीचा अध्यक्ष कृष्णराज गोव्याला जाऊन आलेला माणूस. तिथं त्यानं एक गोरा माणूस अशा फळीवर उभा राहून समुद्रातून येताना पाहिला होता, आणि तेव्हापासून त्याला आपल्या गावाचा विकास डोळ्यांसमोर दिसायला लागला होता. तुळजापूरला येणारा भाविक दर्शन घेणार, पेढे घेणार आणि तिथून थेट ह्या तलावावर येऊन फळीवर उभा राहणार, असा त्याचा हिशेब. तो एका प्रश्नानं डगमगणार थोडाच?

"लाटांचा प्रस्ताव दुसऱ्या टप्प्यात हाय, काका," तो म्हणाला. "पहिल्या टप्प्यात फळी."

सगळ्यांचं समाधान झालं. गावाचं नाव मी सांगत नाही, समितीची माणसं भांडायला येतील. जळकोटपासून जवळ आहे, एवढं पुरे.

जळकोटात हायवेला लागून आयुबभाईंचं फायबरच्या कामाचं दुकान. ट्रॅव्हल्सच्या फुटक्या बंपरपासून कूलरच्या बॉडीपर्यंत आणि पाण्याच्या टाकीपासून शाळेच्या घसरगुंडीपर्यंत, जे जे फायबरचं म्हणून फुटतं ते ते त्यांच्याकडे येतं आणि जोड कुठं होता हे शोधावं लागेल असं होऊन परत जातं. वीस वर्षं रेझिनचा वास घेऊन आयुबभाईंना कुठल्याच अत्तराचा वास येत नाही, पण हात मात्र सोन्याचा. बोलणं कमी. कुणी जोरात बोललं की हे होय म्हणून मान हलवायचे, आणि मग घरी जाऊन बायकोला सांगायचे की मी त्याला असं म्हणणार होतो.

त्यांची थोरली हुमेरा. बी.ए. झालेली, विहिरीत पोहायला शिकलेली आणि मागच्या साली मालवणला महिनाभर जीवरक्षकाचं प्रशिक्षण घेऊन आलेली. समितीला एक प्रशिक्षक नेमायचा होता. अर्ज तीन आले. त्यातल्या एकाला पोहता येत नव्हतं, त्यानं ते प्रामाणिकपणे लिहिलं होतं. दुसरा कृष्णराजच्या मेहुण्याचा मुलगा नंदीश. त्यालाही येत नव्हतं, पण त्यानं लिहिलं नव्हतं. तिसरी हुमेरा. शेवटी समितीनं असं ठरवलं, की उद्घाटनाच्या दिवशी हुमेरानं साहेबांसमोर फळी वल्ह्यानं तलावात चालवून दाखवायची. जमलं तर नेमणुकीचा कागद तिथंच साहेबांच्या हस्ते. न जमलं तर नंदीश आहेच. नंदीशनं केशरी लाइफ जॅकेट आधीच आणून ठेवलं होतं आणि ते घालून काढलेला फोटो स्टेटसलाही लावला होता.

आयुबभाईंच्या दुकानातून दिवसभर हायवे दिसतो. सकाळी नोकरीला निघालेल्या मुली बसला हात करताना दिसतात. त्यांत आपली पोरगी दिसावी, एवढी एकच इच्छा त्या माणसानं गेली दोन वर्षं मनात धरली होती.

आणि नेमकं बुधवारी फळीची पूजा ठरली.

गावात नवीन वस्तू आली की पूजा व्हायचीच. ट्रॅक्टरची होते, बोअरच्या मशीनची होते, मागं झेरॉक्स मशीनचीही झाली होती. फळी टेम्पोतून उतरवून देवळासमोर सतरंजीवर ठेवली, पण ठेवली उलटी, पोट वर करून. तळाला बसवलेले तीन पंख आभाळाकडे. हे काय असावं यावर बराच खल झाला आणि शेवटी धोंडप्पांनी निकाल दिला.

"शिंगं हायती."

शिंगं म्हटल्यावर पुढं काय करायचं हे त्या गावात कुणाला शिकवावं लागत नाही. पोळ्याचा उरलेला हिंगूळ आला. बेगड आली. कुणीतरी घरी जाऊन बैलाचे गोंडे घेऊन आलं. तीन शिंगं म्हणजे दीड बैल झाला, असं एकजण म्हणाला, त्याला गप्प बसवण्यात आलं. रंगवून, सजवून, हळदकुंकू वाहून झालं आणि आली नारळाची वेळ. गाडीचा नारळ चाकापुढं दगडावर फोडतात. ह्या गाडीला चाक नाही, आणि दगड आणायला जाईपर्यंत मुहूर्त टळत होता. धोंडप्पांनी मधलं शिंग हातानं चाचपलं, ते टणक लागलं, आणि नारळ त्यावरच हाणला.

पहिल्या दणक्याला नारळ फुटला नाही. दुसऱ्याला शिंग हललं. तिसऱ्याला नारळ फुटला आणि शिंग आपल्या खोबणीसकट फळीत बोटभर आत गेलं. भोवती चिरा पडल्या, आणि नारळाचं पाणी त्या चिरांतून फळीच्या पोटात गेलं. लोकांनी जयजयकार केला. प्रसाद वाटून झाल्यावर कृष्णराजनं शिंग हलवून पाहिलं, ते दुधाच्या दातासारखं लुकलुकलं.

गुरुवारी सकाळी फळी आयुबभाईंच्या दुकानात.

"आयुबभाई, शनिवारी अकराला कार्यक्रम हाय," कृष्णराज म्हणाला. "शिंग बसवून द्या. तुमच्याच पोरीचं काम हाय, मी काय वेगळं सांगावं?"

आयुबभाईंनी मान हलवली. हुमेरा आत होती, ती बाहेर आली, तिनं गोंडे बघितले, हिंगूळ बघितला आणि ओढणी तोंडाला लावून हसली.

"भाऊ, ही शिंगं न्हाईत. हे फिन आहेत, पंख. हे खाली पाण्यात राहतात. ह्यांच्यामुळं बोर्ड सरळ जातो. हे नसले तर बोर्ड जागच्या जागी गोल फिरतो."

"खाली?" कृष्णराजला पटलं नाही. "इतकी भारीतली वस्तू कोण खाली लावतंय? साहेबांना दिसणार कशी? आयुबभाई, वरच्या अंगानं बसवता येतील का बघा की."

"न्हाय येत," आयुबभाई म्हणाले. कृष्णराजला एवढं सरळ उत्तर त्यांनी पहिल्यांदाच दिलं असावं. पोरगी शेजारी उभी होती म्हणून जमलं.

मग ते कामाला लागले. अॅलन कीनं बारीक स्क्रू ढिले केले आणि तिन्ही पंख सोडवून बाजूला ठेवले. बाजूचे दोन धड होते, फक्त त्यांचे स्क्रू सैल झाले होते. मधल्याची खोबण मात्र गेली होती. तिच्याभोवतीचं साल त्यांनी ब्लेडनं कापून काढलं. आतून पांढरं थर्माकोल निघालं, नारळाच्या पाण्यानं ओलं झालेलं. दुसरा कुणी कारागीर असता तर त्यानं बंपरला लावतात ते रेझिन कालवून ओतलं असतं आणि मोकळा झाला असता. आयुबभाईंनी थर्माकोलचा एक कण उचलून बाजूला ठेवला आणि त्यावर ते रेझिन एक थेंब टाकलं. कण बघता बघता विरघळून गेला.

"बघ," ते पोरीला म्हणाले, "हे घातलं असतं तर पोटात खड्डा पडला असता."

म्हणजे थर्माकोलला न खाणारं रेझिन, इपॉक्सी पाहिजे, आणि ते सोलापूरला. ते बस धरून सोलापूरला गेले आणि दुपारी परत आले. तोवर हुमेरानं टेबल फॅन लावून फळीचं पोट वाळवत ठेवलं होतं आणि ज्याचे होते त्याला गोंडे परत पाठवून दिले होते. फळीच्या टोकापासून शेपटीपर्यंत आयुबभाईंनी मधोमध दोरा ताणला, खोबण त्या दोऱ्यात धरली, काचेच्या धाग्यांच्या जाळीचे तुकडे कातरून एकावर एक बसवले, इपॉक्सी भरलं. पंख केसभर जरी तिरका बसला तरी फळी एका अंगाला ओढणार, हे त्यांना कुणी सांगावं लागलं नाही. दोन वेळा भरलेलं काढलं आणि तिसऱ्यांदा समाधान झालं तेव्हा कुठं पाणी प्यायले.

शुक्रवारी सकाळी कृष्णराज बघायला आला आणि वाळलं का म्हणून अंगठा दाबला. अंगठा छान उमटला. अध्यक्षांची सही झाली असं हुमेरा म्हणाली, पण तो गेल्यावर. आयुबभाईंनी तेवढा भाग खरवडला, पुन्हा थर दिला, आणि दुकानाच्या दाराला खुर्ची आडवी लावून बसले. संध्याकाळपर्यंत जोड दगडासारखा झाला. पॉलिश पेपरनं घासला, मग बारीक पेपरनं पाणी लावून घासला, पांढरा हात दिला. पंख बसवले, स्क्रू आवळले. पंखाला धरून त्यांनी अख्खी फळी उचलून दाखवली.

"अब्बा, मालवणला असलं काम करणारा कुणी न्हवता," हुमेरा म्हणाली.

आयुबभाईंना ते वाक्य इतकं आवडलं, की त्यांनी ऐकू आलं नाही असं दाखवून ते पुन्हा एकदा म्हणवून घेतलं.

शनिवारी तलावाच्या काठी मांडव. कमानीवर कृष्णराजचा फोटो मोठा, साहेबांचा त्याहून मोठा आणि तलावाचा सगळ्यात लहान. खुर्च्या मांडल्या होत्या त्या तलावाकडे पाठ करून, कारण साहेबांच्या तोंडावर ऊन यायला नको. माइकवर गौरीशंकर गुरुजी. हे गुरुजी लग्नात, बारशात, श्रद्धांजलीत, सगळीकडे माइकवर असतात आणि त्यांना कधी काही माहीत नाही असं झालेलं नाही.

स्टेजवर टेबल, टेबलावर हिरवं कापड, कापडावर फळी. खाली पंख असल्यानं ती टेबलावर बसेना, एका अंगाला कलंडायची. तिच्यावर ठेवलेला फुलांचा बुके दोनदा खाली पडला.

"आयुबभाई, ते पंख काढा," कृष्णराज म्हणाला.

"काढा?"

"फोटोपुरतं ओ. साहेब हात लावणार, फोटो व्हणार, मग बसवा की परत. तुम्हाला काय, दोन स्क्रू. फळी हालली तर साहेब काय म्हणतील?"

आयुबभाईंना म्हणायचं होतं, की टेबलाला दोन विटा लावा. मालवणात फळी ठेवायला लाकडी घोडे असतात, असं हुमेरानं सांगितलं होतं. म्हणायचं ते बरंच होतं. त्यांनी मान हलवली, अॅलन की काढली, तिन्ही पंख सोडवले आणि रुमालात गुंडाळून खिशात ठेवले. फळी टेबलावर सपाट बसली. हुमेरा तेव्हा काठावर कपडे बदलायच्या तंबूत होती. तिला हे कळलं नाही.

साहेब पाऊण तास उशिरा आले आणि आल्या आल्या घड्याळ बघायला लागले. दुसरा कार्यक्रम होता. दीप लागला, हार झाले, फळीवर हात ठेवून फोटो झाला. ठरलं होतं ते असं, की आता भाषणं आणि शेवटी प्रात्यक्षिक. पण साहेब उठून उभे राहिले.

"भाषणं राहू द्या. ते पाण्यातलं काय दाखवणार होता ते दाखवा. पाच मिनिटं आहेत."

एकदम पळापळ झाली. चौघांनी फळी उचलली आणि वरातीसारखी पाण्याकडे नेली. खुर्च्या तोंड फिरवून मांडताना अर्धे लोक एकमेकांवर पडले. आयुबभाई खिशाला हात लावून फळीमागं धावले.

"थांबा, थांबा. दोन मिनिटं. पंख बसवायचेत."

कृष्णराजनं त्यांना दंडाला धरून मागं ओढलं. "आता मोडता घालू नका, आयुबभाई. साहेब हुबे हायेत."

"पर त्याबिगर ती सरळ जायाची न्हाय."

"पाण्यावर तरंगती का न्हाय? तरंगती ना? झालं मग."

फळी पाण्यात पडली. हुमेरानं तिला हात लावला, खालून चाचपलं आणि वळून काठाकडे बघितलं. आयुबभाईंनी रुमाल सोडून तिन्ही पंख हातात धरून वर केले. तिनं ते बघितले. तिच्यामागं दहा पावलांवर नंदीश केशरी जॅकेटची चेन लावत होता. तो पाण्यात उतरणार नव्हताच. पण ती नाही म्हणाली असती, तर कागदावर त्याचं नाव घालायला पाणी लागत नव्हतं. हुमेरा वल्हं पोटाखाली धरून फळीवर पालथी पडली आणि हात मारायला लागली.

चार हात पुढं गेली आणि फळीची शेपूट एका बाजूला घसरली. तिनं दुसऱ्या हातानं सावरलं, फळी दुसऱ्या बाजूला गेली. ती गुडघ्यांवर आली, मग भल्या मोठ्या हिमतीनं उभी राहिली आणि वल्हं मारलं. फळी गर्रकन फिरली. पुन्हा वल्हं, पुन्हा फेरी. तलावाच्या मधोमध जिला जायचं होतं ती पोरगी काठापासून वीस फुटांवर जागच्या जागी फिरत होती. पडली मात्र नाही. मागून पोरांच्या घोळक्यातून हसण्याची एक लकेर आली आणि मग सगळा काठ हसायला लागला.

साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या. "हे काय चाललंय?"

कृष्णराजला घाम फुटला. त्यानं गुरुजींकडे बघितलं. गुरुजींनी एक क्षणही घेतला नाही.

"रसिकहो!" माइक घुमला. "आपण पाहत आहात चक्राकार जलविहार! गोल फिरतानाही तोल न ढळू देणारा हा अवघड प्रकार, आपल्या मातीतली, आपल्या तलावातली लेक, कुमारी हुमेरा, साहेबांच्या सन्मानार्थ सादर करत आहे!"

आठ्या गेल्या. "असं होय," साहेब म्हणाले आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनी वाजवल्या म्हणून कृष्णराजनं वाजवल्या, त्यानं वाजवल्या म्हणून समितीनं, आणि समितीनं वाजवल्या म्हटल्यावर मघाशी हसणाऱ्या पोरांनी शिट्ट्याही मारल्या. धोंडप्पा तर उठून उभे राहिले. आपल्या तळ्यात असा प्रकार होऊ शकतो हे त्यांना मनापासून खरं वाटलं.

नेमणुकीचा कागद हुमेराला ओल्या हातांत मिळाला. साहेब जाता जाता म्हणाले, की पुढच्या महिन्यात मुंबईहून मोठे साहेब येणार आहेत, त्यांना हेच दाखवायचं. गाड्या गेल्या, धुरळा बसला, तेव्हा कृष्णराज आयुबभाईंजवळ आला. चेहरा फुललेला.

"पंख तुमच्यापाशीच ठिवा. बसवू नका आता. मोठ्या साहेबांपुढं सरळ गेली तर आमची काय अब्रू ऱ्हाईल?"

आयुबभाईंनी मान हलवली.

दुपारी बापलेक दुकानात आले. हुमेराचे केस अजून ओले होते. आयुबभाईंनी पंख बाकड्यावर ठेवले आणि कागद पुन्हा पुन्हा वाचला. पोरीचं नाव, गावाचं नाव, हुद्दा, सगळं बरोबर होतं. त्यांना आनंद झाला होता, आणि तो कसा दाखवावा ते समजत नव्हतं. ते दारात जाऊन चहा सांगून आले. स्पेशल सांगितला.

"अम्मीला फोन करू का?" ते म्हणाले. "खूश होईल."

"करा."

"काम छान केलंस. पडली नाहीस. माझा तर जीव थाऱ्यावर नव्हता."

हुमेरा केस पुसत होती, ती थांबली. बापलेकींचं एरवी घरात दखनीच चालायचं, पण दुकानात मराठी. आज ती दुकानात दखनीत बोलली.

"अब्बा, मैं गोल फिरती थी ना, तो हर फेरे में तुम दिखते थे."

"हां?"

"पहले फेरे में तुम हात उप्पर करको बोल रहे थे, थांबा, थांबा. दूसरे फेरे में हात नीचे थे." तिनं टॉवेल खांद्यावर टाकला. "तीसरे फेरे में तालियां बजा रहे थे."

आयुबभाईंनी मान हलवली नाही. हायवेवरून एक ट्रॅव्हल्स गेली, तिचा बंपर त्यांच्याच हातचा होता, पण तिकडे त्यांचं लक्ष गेलं नाही. सगळे वाजवत होते, असं सांगावं म्हणून त्यांनी तोंड उघडलं आणि ते पोरीला आधीच ठाऊक आहे हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांना लाज वाटली, इतकी की चहावाल्या पोऱ्यानं पुढं केलेला कप त्यांना दिसेना.

हुमेरानं तो घेतला आणि त्यांच्या हातात दिला. मग कागदाची घडी घालून पर्समध्ये ठेवली. सोमवारी दहा वाजता तिला हजर व्हायचं होतं.